सहा रात्री, मधला दर

“रविवार, दुपारचं जेवण, श्रीनिधीच्या घरी. खर्च शून्य.” हेमाबाईंनी ओळ मोठ्यानं वाचली आणि चष्मा काढला.

टेबलावर तांब्याला टेकवलेल्या माधवरावांच्या मोबाइलमध्ये मुलगा श्रीनिधी दिसत होता, जर्मनीतल्या लाइपझिगहून. आईवडिलांच्या सप्टेंबरातल्या सहलीचं बजेट त्यानं पाठवलं होतं, ते माधवरावांनी गंगाखेडच्या बसस्टँडजवळून छापून आणलं होतं. हॉटेल, सहा रात्री, पाचशे सत्तर युरो. ट्राम सत्तर. संग्रहालयं साठ. जेवण तीनशे. बेरीज बरोबर हजार.

“हॉटेल कशाला?” माधवराव ओरडले. “तुझं घर पडलंय का?”

“बाबा, पैसे मी भरणार आहे. हॉटेल मिड-रेंज आहे, नाश्त्यासकट. आमच्याकडे तुम्हाला अवघडल्यासारखं होईल.”

“मला? चारठाण्याला बदली झाली तेव्हा शाळेच्या फरशीवर वर्ष काढलंय मी! हे डोकं तुझं न्हाईच. सूनबाईनं...”

“ईश्वरीचं नाव घेऊ नका,” हेमाबाई म्हणाल्या. “कागद यानं बनवलाय.”

भिंतीशी बॅग उघडी पडली होती. तिच्यात काट्यावर तोलून भरलेलं चार किलो ज्वारीचं पीठ होतं. सहा दिवस, चार माणसं, दोन वेळा भाकरी, असा हिशोब हेमाबाईंनी केला होता.

“श्री, हॉटेलपासून तुझं घर किती लांब?”

“ट्रामनं अकरा मिनिटं.”

“आणि आम्ही एकदाच यायचं.”

“आई, इकडं असंच असतं गं. ज्याला त्याला मोकळीक. मनाला लावून घेऊ नकोस. दिवाळीला आम्ही येतोच आहोत ना, चांगले दहा दिवस.”

हेमाबाईंनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. चिडल्या की त्यांचा आवाज चढत नसे, खाली जाई. वर्गाला ते ठाऊक होतं, घरालाही. त्यांनी स्वतःचा फोन उचलला, गावात लॉज चालवणाऱ्या जुन्या विद्यार्थ्याचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

“बजरंग, तुझ्या लॉजवर दिवाळीत खोली मिळेल का? दोन माणसं, दहा रात्री.”

“मिळंल की, बाई. कोण पाव्हणे?”

“श्रीनिधी आणि ईश्वरी.”

“आपला श्रीनिधी?” पलीकडून बजरंग हसला. “चेष्टा करायलात का, बाई? घर हाय की तुमचं, चार खोल्यांचं!”

“लिहून घे. लय भारी नको, लय हलकी नको. मधल्या दराची. नाश्त्यासकट.”

बजरंगचं हसणं थांबलं. “बाई, घरी रंगकाम काढलंय का?”

“न्हाई. घर रिकामंच आहे.” हेमाबाईंनी कागदाची घडी घातली. “रविवारी एक वेळ जेवायला बोलवू त्यांना.”

माधवरावांनी मोबाइलकडं पाहिलं. श्रीनिधीचा चेहरा पडद्यावर थिजला होता. नेट गेलं असेल म्हणून त्यांनी वाकून पाहिलं. पण पडद्यावर त्याच्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पुढं सरकत होता.