कंपनीचा माणूस

गाडी सुरू करण्याआधी नरेश सैनीने डॅशबोर्डवरून सहज अंगठा फिरवला आणि देवदत्त पेंढारकरांची नजर त्याच्या मागोमाग गेली. अंगठा नेमका एका गोल डागावर थांबला. दुहेरी चिकटपट्टी काढली होती, पण तिचा चिकटपणा राहिला होता आणि त्यावर धूळ बसली होती.

"चलें, सर?"

"चलिए," शेजारी बसलेले देवदत्त म्हणाले. मागच्या सीटवर त्यांच्या पत्नी सुनंदाबाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली.

सैनी कंपनीचा इंजिनिअर, खास या गाडीसाठी आलेला. नवी कोरी गाडी चालता चालता बंद पडायची. वर्कशॉपवाले दर वेळी ठेवून घेत आणि 'कोई फॉल्ट नहीं' म्हणून परत देत. झिरकपूरच्या पुलावर ती बंद पडली तेव्हा देवदत्तांची मुलगी रेवा चालवत होती. मागचा ट्रक हातभर अंतरावर थांबला. त्या दिवसापासून रेवा गाडीत बसली नव्हती. विकून टाका, गिऱ्हाईक मी आणतो, असं शोरूमचा मॅनेजर म्हणाला होता. घेणाऱ्यालाही मुलगी असेल, एवढंच बोलून देवदत्त उठून आले होते. आज गाडी सैनीच्या देखत बंद पडली, तर कंपनी ती परत घेणार होती. नाही पडली, तर विषय संपला.

चंदीगडच्या मध्य मार्गावर गाडी शहाण्या मुलासारखी चालली होती.

"काल दिवसभर यांच्याच ताब्यात होती," सुनंदाबाई मागून मराठीत म्हणाल्या. "आजच्यापुरतं काहीतरी करून ठेवलंय, बघा."

"असेल."

"आणि चालवतोय कसा ते बघा. मांडीवरचं पोर उठेल म्हणून जपल्यासारखा. अशी चालवली तर बंद कशाला पडतेय?"

बदली होऊन चंदीगडला आल्यापासून दोघांना ही सवयच लागली होती. भाजीवाल्यासमोर भाजीवाल्याबद्दल, शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात शेजाऱ्यांबद्दल, सगळं मराठीत आणि सरळ आवाजात. इथे कोणाला कळतंय?

मनीमाजरा आला, तशा सुनंदाबाई पुढे वाकल्या. "त्या दिव्याचं काही बोलला नाहीत ना?"

"नाही."

"बोलू नका. बाहेरून वायर जोडून घेतली म्हटलं, की सगळं आपल्यावर ढकलायला मोकळे. तो माझ्या पर्समध्ये आहे."

तो म्हणजे गणपती. मागे निळा दिवा असलेला, डॅशबोर्डवर बसवायचा. गाडी आली त्याच आठवड्यात सुनंदाबाईंनी तो हौसेने इथल्याच एका दुकानात बसवून घेतला होता. परवा देवदत्त त्याच दुकानात जाऊन तो वायरीसकट काढून घेऊन आले होते.

पंचकुल्यापर्यंत जाऊन गाडी परत फिरली. एकदाही आचका दिला नाही, की कुरकुर केली नाही. देवदत्त रस्त्याकडे बघत होते. इतके दिवस संशय कंपनीवर होता, वर्कशॉपवर होता, या शेजारच्या माणसावर होता. आता तो हळूच त्यांच्याच बाजूला येऊन बसला.

"सुनंदा, त्या दिव्यामुळेच तर होत नसेल?"

"गप्प बसा तुम्ही. तोंडावरूनच लबाड दिसतोय हा. वास लागेल त्याला."

सैनीने आरशात पाहून गिअर बदलला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

ट्रान्सपोर्ट चौकात, ऐन मध्यावर, गाडी बंद पडली. आवाज नाही, धक्का नाही. समोरचे सगळे काटे खाली बसले. मागून हॉर्न सुरू झाले. सुनंदाबाईंनी घाबरून दाराला हात घातला.

"काकू, उतरू नका. मागनं ट्रक येतोय."

ट्रक घासून गेला. दोन रिक्षावाल्यांनी ढकलत गाडी कडेला आणून लावली.

"तुम्हाला मराठी येतं," शेवटी देवदत्त म्हणाले.

"चाकणच्या प्लांटला होतो, सर. पोरं तिथंच शाळेत गेली."

"मग आधी बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो, तर तुम्ही बोलला नसता."

देवदत्तांचे कान तापले. सुनंदाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"दिवा बसवला होता," देवदत्त म्हणाले. "खरं आहे ते."

"आता कुठंय?"

सुनंदाबाईंनी पर्स उघडली. रुमालात गुंडाळलेला गणपती आणि त्याला गुंडाळलेली वायर, दोन्ही त्यांनी पुढे केलं. सैनीने हात लावला नाही. नुसतं पाहिलं.

"हा इथं आहे. मग गाडी बंद कशानं पडली?"

प्रश्न आपल्या बाजूचा आहे, असं देवदत्तांना वाटलं. हायसंही वाटलं. पण सैनीने मोबाइल काढून आधी सुनंदाबाईंच्या हातातल्या गणपतीचा फोटो घेतला, मग डॅशबोर्डवरच्या डागाचा, आणि तो खाली उतरला.

थोडा दूर जाऊन त्याने फोन लावला. बोलणं पंजाबीत होतं, भरभर, घरच्या माणसाशी बोलावं तसं. मध्येच तो हसला. मग वळून त्याने गाडीकडे पाहिलं आणि पुन्हा बोलू लागला.

"काय सांगतोय हो?" सुनंदाबाईंनी ओठ न हलवता विचारलं.

देवदत्तांनी काच खाली केली. इतक्या वर्षांत पंजाबी शिकावी, असं त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

"थांब," ते म्हणाले. "ऐकू दे."