हंड्यावरचं नाव

धरणाबाईच्या लेकीच्या रुखवतात ठेवायच्या हंड्यावर पौडच्या तांबटानं आईचं नाव घातलं. धरणाबाईला अक्षरं येत होती ती फक्त स्वतःच्या नावाची. तीच हंड्यावर दिसेनात. “हे कुणाचं रं?” “तुमचंच, मावशी. द्रौपदाबाई केलंय. लग्नात धरणाचं नाव अपशकुनी दिसतं.” सासरीही तिला कुणी धोंडाबाई म्हणे, कुणी धारू. गाव बुडवणाऱ्या धरणाचं नाव घ्यायला कुणाची जीभ रेटत नसे. तिच्या बानं मात्र गाव सोडलं त्या दिवशी जन्मलेल्या हिला तेच नाव ठेवलं होतं. “आमचं गाव पाण्यात गेलं, तवा शकुन बघाया तू आलतास? पूस ते.” “ठोकून पुसलं तर पोचे पडतील, हंडा गळेलही.” “पडू देत. माझं घाल.” तांबटानं हातोडी चालवून तिचं नाव घातलं. धरणाबाईनं अक्षरांवर बोट फिरवलं, हंडा आडावर नेऊन काठोकाठ भरला आणि बुडाखाली हात लावून पाहिला. हंडा गळत नव्हता.