विचारल्याशिवाय

सामना सुरू होण्याआधीच जयेंद्रने हात वर केला. ट्रेडिंग कार्डांच्या स्पर्धेत पंचाला बोलवायची हीच रीत, म्हणून मी गेले. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “मॅडम, समोरच्याने विचारलंच नाही, तर माझ्याकडे काय आहे ते सांगावं लागतं का?”

“नाही. विचारलं तर मात्र खोटं बोलायचं नाही.”

“नक्की ना?”

“नियमच आहे तो.” कशासाठी विचारतोस, हे पंचाने विचारायचं नसतं. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या टेबलाशी पोचले तेव्हा मागून त्याचा आवाज आला. “घे रे, आईने खजुराचे लाडू दिलेत.”

सकाळी नाश्त्याला त्याचा प्रतिस्पर्धी सौमित्र याने पोह्यांची बशी परत केली होती. “दाणे नकोत. घसा सुजतो माझा, श्वास अडकतो.” जयेंद्र शेजारीच उभा होता.

मी वळले. जयेंद्रची कार्डं अजून डबीतच होती. सौमित्रपुढे अर्धा लाडू होता, आत दाण्याचं कूट. एक हात त्याने गळ्याला लावला होता, दुसरा वर केला होता.

मी धावत गेले. त्याला काहीतरी विचारायचं होतं, पण आवाज फुटत नव्हता.