डावा पंख

बाबांनी अंगणात बांधलेल्या विमानातल्या काट्यांच्या तबकड्या काढून हेमांगीने नवं डिजिटल पॅनेल बसवलं. हल्लीची पॅनेलं जुन्या यंत्रांची झीज वाचून उडवणाऱ्याच्या सवयी उचलत आणि विमान तसंच उडवत. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं.

पहिल्याच चाचणीत, परतताना, विमान घरावर आलं आणि डावा पंख दोनदा खाली गेला. तिने दांड्याला हातही लावला नव्हता.

"जुन्या प्रत्येक फेरीत इथे हेच झालेलं दिसतं," पॅनेल म्हणालं. "दोष समजून काढून टाकू का?"

बाबांचा हात आणि दोष, हे काही तिला पटेना. तिने आईला फोन लावला.

"आई, बाबा घरावर आले की विमान कलवायचे का?"

पलीकडे नळ वाहत होता.

"आलोच, भात लाव, असं सांगायचे ते," आई म्हणाली. "आत्ता पंख हलताना दिसला, आणि नकळत तांदूळ धुवायला घेतले बघ."

पॅनेलने पुन्हा विचारलं.

"राहू दे," हेमांगी हळूच म्हणाली.

"कुणाशी बोलतेस गं?"

"विमानाशी."

आईने नळ बंद केला.

"मग सांग त्याला, भात लावलाय म्हणून."