जास्तीचा गम

"आई, तू बनवलेलं जॅकेट भारी आहे! बाहेरचं थेंबभर पाणी आत आलं नाही," हिमालयातल्या चढावरून केतकी फोनवर ओरडून सांगत होती. "पण आतून मी घामानं चिंब झालेय."

जॅकेटच्या कारखान्यात मालन कापडाच्या दोन थरांमध्ये पाणी अडवणारा पातळ पडदा चिकटवायची. गम ठिपक्याठिपक्यांनीच लावायचा, म्हणजे मधल्या जागेतून घामाची वाफ बाहेर पडते. लेकीच्या जॅकेटच्या कापडाला मात्र, थेंबभरही पाणी शिरू नये म्हणून, तिनं सलग गम फासला होता.

"केतू, थांबू नकोस! चालत राहा, नाहीतर घाम गोठेल गं."

"कुठं चालू? वादळात वाट बुजलीय. सकाळपर्यंत कपारीतच बसायचंय." तिचे दात वाजत होते. "पण तू घाबरू नकोस. तुझं जॅकेट आहे ना अंगावर!"