परक्या चुलीवर

"विषाणू हा सृष्टीतला सर्वांत मोठा चोर आहे, आणि आज मी त्याला उघडा पाडणार!" अवंतिकेने जाहीर केले. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने भिंतीवरचे तिच्या प्रयोगाचे पोस्टर सुटले आणि तिच्याच डोक्यावर आले.

ती पोस्टरखालून बाहेर निघेपर्यंत विभागप्रमुख गुरुप्रसाद सरांनी पोस्टरवरची नावाची ओळ वाचून टाकली होती.

"बेटा, इथे तुझ्या नावाच्या वर ध्रुवचं नाव घाल. माझा पुतण्या आहे म्हणून नाही हं. पोराला परदेशात प्रवेश हवाय."

"नाही घेणार."

सरांना नाही म्हणणारे माणूस त्या विभागात सतरा वर्षांत निपजले नव्हते. सरांनी चष्मा पुसला.

"तुझ्या बाबांना सांगू का?"

"सांगा! सर, विषाणूकडे स्वतःची चूल नसते, भांडी नसतात. तो पेशीच्या घरात शिरतो, तिच्याच चुलीवर आपल्या हजार प्रती काढतो. आणि पेशी बिचारी समजते, आपण आपलंच काम करतोय. ध्रुवने वेगळं काय केलं? पेशींना दर दोन दिवसांनी खाऊ घालावं लागतं. होळी झाली, दिवाळी झाली, एकदाही खाडा नाही. आणि हा? पेशी कुठल्या कपाटात ठेवतात, इतना भी बता देगा क्या?"

शेजारच्या प्रयोगशाळेत मंदाताई काचेच्या नळ्या विसळत होत्या. त्या तिथल्या सेविका. पेशींच्या गुलाबी खाद्याचे डाग त्यांच्या पदरावरून कधी गेले नाहीत. अवंतिकेचा पांढरा कोट मात्र बाड्यावरच्या बाजारातून आणला त्या दिवसाइतकाच स्वच्छ होता. तिची आई, विमल, माधवगंज मोहल्ल्यात चारचौघींना तो दाखवी.

"डिग्री अडेल तुझी," सर म्हणाले.

"अडू दे. कष्ट एकाचे, नाव दुसऱ्याचं, हे मी चालू देणार नाही!"

दाराबाहेर हर्षिता आणि वर्गातल्या मुली कान लावून उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी दाराकडे पाहिले, मग पोस्टरकडे, आणि हात टेकले.

"बरं बाई. तुझं एकटीचंच नाव. पोस्टर तपासायला आलेले परीक्षक खाली चहा घेतायत. त्यांना पेशी बघायच्यात, तूच दाखव."

"क्या बोली यार!" हर्षिताने तिला मिठी मारली.

अवंतिका ताठ मानेने प्रयोगशाळेत गेली. दार लावून घेतले. कडीही घातली.

"मंदाताई," ती हळूच म्हणाली, "आपल्या पेशी कुठल्या कपाटात असतात, तेवढं दाखवता का?"