एक मिनिट पुढे

धाकट्या भावाच्या जुन्या लॅपटॉपवर मी दुपारी प्रोग्रॅम लिहायच्या एडिटरचा सर्व्हर बसवला. आता माझ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून त्यात शिरायचं, एवढंच राहिलं होतं.

तोच लॅपटॉपवर नोंदी उमटल्या: ‘४:०७ पासवर्ड चुकला. ४:०७ प्रवेश मिळाला.’

भिंतीवरच्या घड्याळात ४:०६ झाले होते. मी नोंदी मोठ्याने वाचून दाखवल्या.

“लॅपटॉपचं घड्याळ पुढे असेल, ताई,” भाऊ स्वयंपाकघरातून म्हणाला.

“घड्याळाचं सोड रे! मी अजून ब्राउझरच उघडला नाहीये.”

मग उघडला. घाईत पासवर्ड चुकला, दुसऱ्यांदा बरोबर आला. भिंतीवर ४:०७.

४:०८ ला पुढची नोंद आली: ‘४:०९ फाइल उघडली.’

म्हटलं, बघू कशी उघडते ते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.

४:०९ ला भाऊ चहा घेऊन आला. “काय एवढं टक लावून बघतेस?” म्हणत वाकला, माझा माऊस हलवला आणि समोरची फाइल उघडली.

मी ओरडणार, तेवढ्यात लॅपटॉपवर शेवटची ओळ उमटली: ‘४:१० वापरणारे: शून्य.’

“शून्य कसं?” भाऊ हसला. “आपण दोघं इथेच तर आहोत.”

मी भिंतीकडे पाहिलं. सेकंदकाटा बारावर चढत होता.